उस्तादाच्या चपलेवरचा चिखल

ती घटना आजही आठवते, आणि त्यासाठी मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. उन्हाळ्यात घरातल्या माठाचे झाकण उचलले, की ती आपोआप समोर येऊन उभी राहते. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, त्यांचे तपास लागले, काहींची बक्षिसेही मिळाली. त्यांच्यापुढे हे प्रकरण किरकोळ. तरी नातू "आजोबा, एखादी केस सांगा" म्हणाला, की मी दुसरीच कुठलीतरी सांगतो. आज ही लिहून टाकतो. नावे कुणाचीच देत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा झाला होता. मी निलंगा-उदगीरच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब, नवे शिक्के आणि जुनी दप्तरे गाठोड्यांत. कुठल्याही वाहनाचा जुना कागद मागितला, की "गाठोडे अजून सुटायचे आहे" हे उत्तर ठरलेले. त्यात पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. ठाण्यात येणारे निम्मे अर्ज पाण्यावरच्या भांडणांचे असत. ठाण्यापुढच्या हौदात टँकर एक दिवसाआड पाणी टाकी आणि त्यावर एक शिपाई राखणीला बसवावा लागे. पोलिसांच्या पाण्याला पोलिसाचाच पहारा!

ठाण्याच्या मागे जप्तीच्या गाड्या उभ्या असत. कुणाची जीप, कुणाचा ट्रॅक्टर. निकाल लागेपर्यंत मुद्देमाल जागेवरून हलवायचा नाही, असा नियम. एका जीपमधून तर बाभळीचे झाड वर आले होते. आम्हाला त्यात काही वावगे वाटत नसे.

एका दुपारी आमचा खबऱ्या आला. हा टँकरच्या ठेकेदाराकडे कामाला असे आणि गावोगाव फिरल्यामुळे त्याच्याकडे खबरी भरपूर असत.

"साहेब, नाक्यावरच्या गॅरेजात उस्ताद एक मोटर सोलून राहिलाय," तो म्हणाला. "लई जुनी, निजामाच्या टायमाची. नंबराची पाटी न्हाई. चोरीची हाय, लिहून घ्या."

चारच दिवसांपूर्वी मुदखेडहून बिनतारी संदेश आला होता. तिथल्या एका कंत्राटदाराच्या शेडमधून वडिलोपार्जित जुनी मोटार चोरीला गेली होती. संदेशात इंजिन नंबर होता. मी हवालदाराला घेऊन तडक गॅरेज गाठले.

उस्ताद पन्नाशी ओलांडलेला, काटक माणूस. मोटारी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा त्या तालुक्यात कोणी नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोटारी होत्या, दोन्ही एकाच बनावटीच्या आणि मुदखेडच्या संदेशातल्याच कंपनीच्या. एक काळीभोर, नव्या नवरीसारखी चमकत होती. दुसरीचा नुसता सांगाडा उरला होता.

"ही काळी वकीलसाहेबांची," उस्ताद उत्साहाने सांगू लागला. "त्यांच्या वालिदांनी घेतलेली. तीस वर्षं गोठ्यात पडून होती. वकीलसाहेब म्हणले, मरायच्या आधी एकदा हिच्यात बसून किल्ल्यापर्यंत जाऊन यायचंय. पण पार्ट कुठं मिळतेत आता? म्हणून तसलीच दुसरी धुंडून आणली. तिची चाकं हिला, तिचा गिअरबॉक्स हिला, दिवे बी तिचेच. एकीनं जीव दिला म्हणून दुसरी उठली, साहेब."

"दुसरीचे कागद?"

"बिदरकडच्या एका म्हातारीची होती. कागद वाळवीनं खाल्ले."

मी सांगाड्यावर वाकलो. चासीवरचा नंबर गंजून गेला होता; घासून काढला म्हटले तरी चालले असते. वकिलांच्या गाडीत तिचे स्वतःचे इंजिन होते. सांगाड्यात मात्र इंजिनाच्या जागी भोक.

"हिचं इंजिन कुठं आहे?"

इतका वेळ भडाभडा बोलणारा माणूस थबकला. त्याने हातातला स्वच्छ पाना पुन्हा पुसला आणि म्हणाला, "भंगारात गेलं."

गावात भंगारवाला एकच होता. त्याने वर्षभरात मोटारीचे इंजिन पाहिलेसुद्धा नव्हते. चोराला पकडायला नेहमी पुरावा लागतो असे नाही, एक खोटे सापडले तरी पुरते, असे मी तेव्हा नव्या शिपायांना शिकवीत असे. उस्तादाला मी अटक केली. दुसऱ्या दिवशी कोर्टाने दोन दिवसांची कोठडी दिली.

वकीलसाहेब काठी टेकत ठाण्यात आले. "काळी गाडी माझी. दुसरी त्याने कुठून आणली ते मी विचारले नाही," एवढेच म्हणाले. वकील माणूस विचारत नाही म्हणजे त्याला माहीत असते, अशी मी मनात नोंद केली. तेव्हा मला सगळेच संशयित दिसत होते. एकदा का संशयाचा चष्मा नाकावर बसला, की रंग एकच दिसतो.

त्या दोन दिवसांत उस्तादाने इंजिनाबद्दल अवाक्षर काढले नाही. मात्र सकाळी उजाडले, की गजाला धरून पहाऱ्याच्या शिपायाला विचारी, "किती वाजले?" सहा वाजले की अस्वस्थ होई, येरझाऱ्या घाली. सात वाजून गेले की खाली बसून डोके गुडघ्यात घाली. मला वाटले, ठरलेल्या वेळी कुणी साथीदार येणार असावा. मी गॅरेजवर साध्या कपड्यांतला शिपाई ठेवला. कोणी आले नाही.

मग माझे डोके फिरले. मी त्याला दोन थपडा लगावल्या. त्यानेही काही झाले नाही, तेव्हा कोठडीतला पाण्याचा माठ मी गजाबाहेर ठेवायला लावला, त्याला दिसेल पण हात पोचणार नाही असा. "इंजिन कुठं ते सांग, पाणी पी," म्हणालो. चैत्रातले ऊन होते. डायरीत मी लिहिले, 'आरोपी सहकार्य करत नाही.' माठाचे लिहिले नाही.

सबंध दिवस तो माठाकडे पाहत बसला. संध्याकाळी हवालदाराने मला न विचारता माठ आत ठेवला. मी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता.

हवालदार माझ्याहून वयाने मोठा, कर्नाटकच्या सीमेलगतच्या खेड्यातला. अटकेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तो उस्तादाच्या चपला घेऊन माझ्या टेबलापाशी आला. अटकेच्या वेळी काढून ठेवलेल्या.

"साहेब, ह्यो चिखल बघा."

"मग? चिखल आहे."

"साहेब, आसपास चार कोसांत चिखल हाय का कुठं?"

मी खुर्चीत सरळ बसलो. तीन दिवस त्या चपला माझ्या डोळ्यांसमोर कोपऱ्यात पडल्या होत्या. हवालदाराने टाचेवरचे ढेकूळ नखाने फोडले. बाहेरून वाळलेले, आतून पांढरट, वर काळ्या तेलाचे डाग.

"ही आपली काळी माती न्हाई. विहिरीच्या तळाचा पांढरा मुरूम हाय. असला मुरूम आमच्या बाजूच्या दोनच गावांत लागतो. त्यातल्या एका गावच्या बौद्धवस्तीत औंदा विहीर खोल केलीय."

मी कोठडीपाशी जाऊन त्या गावाचे नाव घेतले. उस्तादाचा चेहरा खर्रकन उतरला. तपासात असा क्षण आला की पोलिसाच्या छातीत ढोल वाजतो. माझ्याही वाजला.

जीपमध्ये तो पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "साहेब, माझ्यावर काय कलम लावायचं ते लावा. नंबर उतरून घ्या. पण इंजिन नेऊ नका. तुमच्या ठाण्यात गेलेली गाडी माघारी आलेली मी तरी बघितली न्हाई. जीपीत बाभळ उगवलीय तुमच्या. नव्या जिल्ह्यात कागद सापडंस्तोवर ते लोक काय पितील?"

आरोपी दयेची भाषा करू लागला की जास्त सावध व्हावे, हाही मीच शिकवलेला धडा.

वस्तीच्या कडेला पायऱ्यांची खोल विहीर होती. काठावर घागरी, कळश्या, डबे यांची रांग, आणि रांगेत माणसांऐवजी प्रत्येकाने ठेवलेले दगड. पोलिसांची जीप दिसताच दोन बायका लगबगीने पायऱ्या उतरल्या आणि कशावर तरी वाकळ टाकू लागल्या. मी खाली उतरून वाकळ ओढली. निम्म्या खोलीवरच्या खडकाच्या टप्प्यात, रेल्वेच्या लाकडी स्लीपरांवर इंजिन बसवलेले होते. त्याला पट्टा, पट्ट्याला पंप, धूर वर नेणारा लांब पाइप.

वस्तीतल्या एक बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. रांग लावायचे काम त्यांच्याकडे होते. त्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, रात्रभर झरे पाझरतात. उस्ताद रोज सकाळी सहाला येतो, अर्धा तास इंजिन चालवतो, वरचा हौद भरतो. आमच्यातल्या कुणाला ते चालू होत नाही. तीन दिवस झाले, बाया दोर घेऊन खाली उतरून राहिल्या."

"इथे टँकर येत नाही?"

"इंजिन बसलं तसा बंद झाला. वस्तीला पाणी हाय म्हणून. ठेकेदाराचा माणूस मात्र दोनदा इंजिन बघून गेला. म्हणत होता, हे इंजिन जास्त दिवस टिकणार न्हाई."

वर्णन विचारायची गरज नव्हती, तरी विचारले. तो माझाच खबऱ्या. खबर काय आहे ते मी पाहिले होते; ती कशासाठी दिली जातेय, ते पाहायला विसरलो होतो.

मी खिशातला संदेशाचा कागद काढला आणि रुमालाने इंजिनावरचे तेल पुसले. नंबर ठसठशीत होता, एकही आकडा घासलेला नाही. मुदखेडच्या नंबराशी त्याचा पहिल्या आकड्यापासूनच मेळ नव्हता. मी पुन्हा पुसले, पुन्हा वाचले. खरे सांगायचे तर त्या घटकेला तो जुळावा असे मला वाटत होते. (मुदखेडची मोटार पुढे तिथल्या कंत्राटदाराच्या मेव्हण्याकडेच निघाली.)

तिथेच पंचनामा केला आणि इंजिन जागेवर ठेवले. उस्तादाच्या हातातली बेडी हवालदाराने काढली. उस्ताद मनगट चोळत टप्प्यावर उतरला, कान लावून इंजिनाची कसलीशी तपासणी केली आणि हँडल मारले. दोनदा खोकून ते सुरू झाले. वर हौदात पाणी पडल्याचा आवाज आला तसा बायकांनी एकच गलका केला.

वर आलो तर एका झोपडीच्या सावलीत बाजेवर म्हातारी पडलेली दिसली. मांडीपासून पायाला कामट्या बांधल्या होत्या.

"माझी आई," शिक्षिका बाई म्हणाल्या. "काल पायऱ्यांवरून घसरली. घागर घेऊन."

काल. म्हणजे मी माठ गजाबाहेर ठेवला त्या दिवशी. म्हातारीने मान वळवून उस्तादाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सायेब, आमच्यापायी धरलाव ना ह्या लेकराला? मारलंव का?"

मी टोपी काढून काखेत धरली.

"मारलं तं मारलं. पोलीस मारत्यातच," ती म्हणाली. "पानी तरी पाजलंव का न्हाई?"

तीस वर्षांच्या नोकरीत वकिलांनी, न्यायाधीशांनी, वरिष्ठांनी मला शेकडो प्रश्न विचारले. असा कोणी विचारला नाही. उस्ताद माझ्या शेजारीच उभा होता, ओठ फुटलेले, गालावर माझी बोटे अजून पुसट दिसत होती.

"पाजलं की माय," तो म्हणाला. "साहेबांनी सोताच्या हातानं पाजलं."

म्हातारीने समाधानाने डोळे मिटले.

जीपमध्ये परत बसताना मी त्याला विचारले, असे का सांगितले म्हणून. तो म्हणाला, "ती रडली असती, साहेब." माझ्या लाजेचा त्याने विचारही केला नव्हता, आणि तेच मला जास्त लागले.

त्या प्रकरणानंतर मी नव्या शिपायांना खोटे सापडले की पुरते हा धडा शिकवणे बंद केले. माणूस खोटे बोलतो तेव्हा तो कुणाला वाचवतोय ते आधी शोधा, असे सांगू लागलो. उस्तादाला त्याच दिवशी सोडले, खबऱ्याचे नाव यादीतून काढले, त्या वस्तीचा टँकर तहसीलदारांना सांगून पुन्हा सुरू करवला. एवढे माझ्या हातात होते. म्हातारी मात्र पुढे काठीवाचून चालली नाही. आणि गजाबाहेरच्या त्या माठाची नोंद कुठल्याच डायरीत नव्हती. ती आज इथे करतो आहे.