साडूंची तीन नळ्यांची बंदूक

बंदुकीवर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा आणि तरीही जन्मात एकदाच चाप ओढलेला माणूस अख्ख्या आखातात दुसरा नसेल. तोही लहानपणी, लांज्याजवळच्या गावी, वडिलांनी मागून खांदा धरून ठेवलेला असताना. पुढे ते आखातात सित्राच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात फिटर म्हणून लागले, तिथून जवळच माहूजला आमच्याच इमारतीत राहायला आले आणि दर शुक्रवारी जेवताना एकच विषय काढू लागले: नळ्या बदलता येणारी बंदूक. "दस्ता एक, चाप एक, नळ्या तीन," ते ताटावर हात आडवा धरून सांगत. "छऱ्यांची नळी लावा, बदक मारा. गोळीची लावा, डुक्कर थोपवा. बारीक लावा आणि परसात डबे मांडून नुसती नेमबाजीची मजा घ्या. तीन बंदुका हव्यात कशाला?" यावर माझी मेव्हणी शांतपणे म्हणे, "आपल्याकडे तर एकही नाही." साडूंना हा आपल्याच बाजूचा मुद्दा वाटे.

हे वेड त्यांच्या इंग्रज फोरमनकडून आलं. त्याच्याकडे तशी बंदूक होती आणि सुटीच्या दिवशी तो वाळवंटात मातीच्या तबकड्या उडवी. साडू सोबत जात, डोळे मिटून नळ्या बदलून देत. पण "तू एक बार काढ" म्हटलं की नकार देत. पहिला बार वडिलांबरोबर काढला, दुसराही त्यांच्याबरोबरच काढायचा, हे ठरलेलं. वडिलांकडे शेतीच्या राखणीसाठी मिळालेलं लायसन्स होतं आणि एक जुनी, उचलता न येणारी बंदूक. त्या लायसन्सवर नवी घ्यायची आणि दोघांनी एकदा रानात जायचं, एवढीच साडूंची मागणी होती.

पण दस्ता वडिलांच्या हाताला बसला पाहिजे. त्या काळी आमच्या घरांत मापं पोस्टानं येत. मुलांची पावलं कागदावर काढून येत, बायकांच्या बांगड्यांचा दोरा येई. साडूंनी कोपराच्या खाचेपासून चापाच्या बोटापर्यंतचा दोरा मागवला आणि पासपोर्टात जपला. मग खोक्यांच्या फळ्यांतून त्यांनी वडिलांना दाखवायला अख्खी लाकडी बंदूक घडवली, तिन्ही नळ्या एकाच दस्त्यात खटकन बसणाऱ्या. दोन वेळा कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवायच्या शटडाऊनपायी रजा रद्द झाली. दोन्ही वेळा ते निमूटपणे बंदुकीला पुन्हा पॉलिश करत बसले.

अखेर दोरा आल्यावर सात वर्षांनी ते निघाले, तेव्हा मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. अधिकाऱ्यानं बॅग उघडली आणि बंदूक बाहेर काढली. "बंदूक मफी, नो गन," साडू म्हणाले. "ओन्ली लकडी. फॉर फादर." अधिकाऱ्यानं ती खांद्याला लावून पाहिली. साडूंनी गंभीरपणे त्याचा कोपर खाली केला. तो हसला आणि म्हणाला, "यल्ला, चल नीघ, फादरला सलाम सांग."

महिन्याभरानं परत आले तेव्हा त्या शुक्रवारी ते बंदुकीबद्दल काही बोलले नाहीत. जेवणानंतर गॅलरीत मीच विचारलं.

"मोठी झाली," ते म्हणाले. "चार बोटं. चापापर्यंत बोटच पोचेना. मुलांचे बूट नेतो, ते नेहमी लहान पडतात ना? तसं काही होईल ही धास्ती होती. म्हातारं माणूस आखडतं, हे डोक्यातच आलं नाही."

"बाबा काय म्हणाले?"

"नळ्या काढल्या, घातल्या, काढल्या. म्हणाले, छान केलीस. मग विचारलं, किती दिवस आहेस."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस काहीतरी उपाय सुचवतो. मी म्हटलं, "दस्ता कापून घ्या की. चार बोटांचं काम."

"कापीन हो," साडू म्हणाले. "पण पुढची रजा दोन वर्षांनी. तेव्हा किती कापायला लागेल?"

केसाएवढी चूक न करणारा हा माणूस माझ्याकडे उत्तरासाठी बघत होता. माझी आई तेव्हा साताऱ्याला एकटी होती. तिला पाहून मला तीन वर्षं झाली होती.