उज्वलाचं विमान, माझा नारळ

आधीच सांगते, विमानात उज्वला बसली. मी फक्त सोडायला गेलेले. तरी हे मीच लिहिणार, कारण डोंबिवलीहून पनवेलजवळच्या नव्या विमानतळापर्यंतचा रस्ता तरी माझ्या वाट्याला आला.

आम्ही दोघी एमआयडीसीत एकाच कारखान्यात पॅकिंगला. तिला मशीनवर उभं राहायला मी शिकवलं. आणि नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी कोइम्बतूरला एकीलाच पाठवायचं, तर साहेबांनी नाव घेतलं तिचं! असं पोटात दुखलं माझ्या, काय सांगू. वर तीच म्हणते, "ताई, तू चल ना सोडायला, मला भीती वाटते." नाही कसं म्हणणार?

निघताना तिची ओटी भरली. लांब निघालेल्या बाईला आमच्यात तसंच सोडत नाहीत. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस, सगळं मीच तिच्या खांद्यावरच्या बॅगेत बसवलं.

सकाळी सहाला तिच्या दिराच्या गाडीतून निघालो. काटई नाका पटकन सुटला, पण शीळफाट्याला ट्रेलरच ट्रेलर. जाणार असाल तर तासभर हाताशी ठेवा. तळोज्याला टपरीवर वडापाव खाल्ला, तुम्हीही तिथेच खा. पुढे चहाचा भाव ऐकून दीर नुसतं पाणी प्यायला.

विमानतळ मात्र काय चकाचक! फरशीत तोंड दिसेल. मी बघत होते ते काचेबाहेरून. उज्वलाने तिकीट दाखवलं, आत गेली, वळून हात केला. मला रडू आलं, आणि ते काही प्रेमाचं नव्हतं.

थोड्या वेळाने तिचा फोन. "ताई, दारापाशी ये. नारळ आत नेऊ देत नाहीत."

ती धापा टाकत आली. दारावरचा जवान म्हणाला, "मॅडम, डस्टबिन में डाल दो, फ्लाइट छूट जाएगी."

"ओटीतला नारळ आहे, कचऱ्यात कसा टाकू?" तिने त्याला मराठीतच सुनावलं. नारळ माझ्या हातात ठेवला. "ताई, तूच सांभाळ गं." आणि पळाली.

मला मान वर करता येईना. विमानात जवळ ठेवायच्या बॅगेत नारळ चालत नाही, हे मी आदल्या दिवशीच मोबाइलवर वाचलेलं. अडवू देत, होऊ दे जरा फजिती, म्हणून गप्प बसलेले. विमान चुकेल, इतका पुढचा विचारच केला नव्हता मी.

नारळ पोटाशी धरून तिथेच उभी राहिले. शेवटी फोन आला. "बसले गं ताई! खिडकी मिळाली!" हुश्श झालं. खिडकी ऐकून परत जळले.

घरी येऊन नारळ फोडला. नासका निघणार अशी माझी खात्री. पण खोबरं पांढरंशुभ्र, गोड. वड्या करून डबा भरलाय.

शुक्रवारी तिला आणायला मीच जाणार आहे. आधी नारळाचं खरं सांगायचं, मग डबा द्यायचा. उलटं केलं तर सांगायचं राहूनच जाईल, मी ओळखून आहे मला.