तेलाचा डबा आणि सुनीचं गणित

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पाठीला तेलाचा डबा बांधून विहिरीत उडी मारली, आणि याला सर्वस्वी माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका जबाबदार होत्या.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. सातवीतली आमची सुनी सहामाहीत गणितात नापास झाली. मी काटेवाडीहून रोज बारामतीला जाऊन पाणी उपसायच्या जुन्या मोटारी न् पाइप घासाघीस करून घेणारा-विकणारा माणूस. (मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला दुकानदार. कुणाच्या बापाची मदत नाही!) आणि माझीच मुलगी गणितात नापास? मी घर डोक्यावर घेतलं. सुनीनं दप्तर कोपऱ्यात फेकलं.

"मला गणित येतच न्हाय! शाळा सोडते, मामाची मेंढरं राखते!"

पालकसभेत बाई म्हणाल्या, "येत नाही म्हणू नका, अजून येत नाही म्हणा. चुकली तरी धडपडीचं कौतुक करा."

फुकट मिळालेली वस्तू मी कधी सोडत नाही. घरी येताच सुनीला समोर बसवलं. "शिकलं की समदं येतं, पोरी! कुठल्याबी वयात!"

"व्हय? मग तुमाला पवायला का येत न्हाय?"

चुलीपाशी बायको खुदकन हसली. मी तापलो. "येईल की!"

"मग विहीर ह्या काठापासून त्या काठापर्यंत पवून दावा. मी शाळा सोडत न्हाय."

"अर्धी विहीर."

"पुरी."

"अर्धी, आन् तुला नवी सायकल."

"पुरी. आन् माझ्यावर वरडायचं न्हाय."

पंचवीस वर्षांच्या धंद्यात इतका वाईट सौदा मी केला नव्हता!

शिकवायला डाळजहून मेहुणा बापू आला. आमच्याकडं नवशिक्याच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधतात. तो तरंगतो, माणूसही तरंगतो. इंदापूरच्या बाजारात मी डबा निम्म्या भावात पाडला. डबेवाला म्हणाला, "झाकणाला डाग मारून घ्या, फट बुजंल. त्याचं येगळं पडंल."

"त्याच भावात मार, न्हायतर ऱ्हाऊ दे!"

त्यानं राहू दिलं. (अशा माणसाला बाजारात बसू कसं देतात?)

रविवारी विहिरीवर अर्धं गाव! मी डबा बांधला, छाती फुगवली आणि उडी घेतली. क्षणभर तरंगलो. सुनीनं टाळ्या वाजवल्या. मग पाठीमागं गुडगुड, गुडगुड सुरू झालं. डाग न मारलेल्या फटीतून डबा पाणी पीत होता, आणि पुढच्याच क्षणी तो मला घेऊन तळाकडं निघाला!

बापूनं बंडीला धरून वर काढलं. "दाजी, डबा तरंगवायला घेतला हुता का बुडवायला?"

काठावर हशा. माझ्या नाकातून पाणी, डोळ्यांतून आग. "गप रं! न्हाय येत मला! सोडलं पवणं!"

हशा थांबला. सुनी उठली. फ्रॉक झटकला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बरं. मग मीबी सोडते. मामा, मेंढरं कुठं हाइत?"

मी तिच्याकडं बघितलं. ती रागात नव्हती, हेच वाईट होतं. तिला खरोखरच सुटल्यासारखं वाटलं होतं.

डबा सोडून फेकला आणि पुन्हा उडी मारली! बापू ओरडला, "आवो दाजी, डब्याबिगर?" तोवर मी पाण्यात. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. सोमवारी. मंगळवारी. सुनी वर पायरीवर गणिताचं पुस्तक घेऊन बसायची न् मान वर न करता ओरडायची, "आबा, धडपड चांगली हाय! पाय मातर चुकत्यात!"

महिन्यानं मी विहीर ओलांडली. त्याला पोहणं म्हणता येईल का, यावर गावात दोन मतं आहेत. पण सुनीनं सौदा पाळला. वार्षिकला बसली आणि गणितात पास झाली. पेढे मी वाटले, तेही पूर्ण भावात घेतलेले!

निकालाला बाईंनी सगळ्या पालकांसमोर तिला विचारलं, "एवढा धीर कुठून आला गं?"

मी कॉलर ताठ केली.

सुनी म्हणाली, "आबांना बघून. एवढं वंगाळ पवून त्ये गावासमोर लाजत न्हाइत, मग मी गणिताला कशाला लाजू?"

बाईंनी मला उभं केलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत, वाईट पोहल्याबद्दल उभं करून सत्कार झालेला मी एकटाच!