गवताची गाठ

आमचं दल निमलष्करी, पण भामरागडकडचे लोक आम्हाला मिलिटरीच म्हणत. नेमणूक बंदुकवाल्या नक्षल्यांविरुद्ध होती. त्यांच्याच जंगलवाटांनी गांजाही जाऊ लागला, तेव्हा तेही काम आमच्याकडे आलं. मी आरमोरीचा. वडील भामरागडकडे मास्तर होते, म्हणून मला गोंडी येते. तुकडीत ती येणारा मी एकटाच.

मोहफुलांच्या दिवसांत एका झाडाखाली आम्हाला गांजाची पोती सापडली. वर गवताची गाठ मारलेली. त्या गावांत कशावर गाठ दिसली की ती वस्तू कोणाची तरी आहे. तिला कोणी हात लावत नाही, की विचारतही नाही. आमच्या कॅम्पात कुलपातला साबणही चोरीला जायचा.

झाड ज्याचं, त्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो गोंडीत बोलला. माझ्या बोलीत सांगायचं तर, "झाड माहंच हाये. पोते माहे नाई. रात्री कोनी ठेवले, गाठ मारली. गाठ हाये म्हून मी हात नाई लावला. फुलं बाजूबाजूनं येचून राह्यलो."

साहेबांनी विचारलं, "क्या बोल रहा है?"

पोत्यांसोबत फोटो काढून झाले होते. आमच्यातला एक जण मिशा पिळून दुसऱ्यांदा उभा होता. साहेबांनी वर कळवलंही होतं, मालासकट माणूस मिळाला म्हणून.

मी म्हणालो, "बोल रहा है, पेड़ मेरा है."

खोटं एक अक्षर नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली. म्हातारा माझ्याकडे बघून मान हलवत होता. त्याला वाटलं, सगळं सांगून झालं.

पोलिसांनी त्याला नेलं. जामिनावर सुटेपर्यंत त्याचे मोहाचे दोन हंगाम गेले. मी त्या काळात जेवत होतो, झोपत होतो, बढतीही घेतली. बायकोलाही काही बोललो नाही.

यंदा साक्षीचं समन्स आलं. कोर्टात मी म्हाताऱ्याचं पूर्ण बोलणं सांगितलं, गाठीसकट. सरकारी वकिलांनी विचारलं, "हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"साहेब खुश होते," मी म्हणालो. कोर्टात कोणीतरी हसलं. मी गमतीने बोललो नव्हतो.

निकाल अजून यायचा आहे. माझी चौकशी लागली आहे.

बाहेर व्हरांड्यात म्हातारा भेटला. आत मराठीत काय चाललं होतं ते त्याला कळलं नव्हतं. मी त्याला सगळं गोंडीत सांगितलं. तेव्हा काय गाळलं तेही. त्याने विचारलं,

"मंग आता तुलेई आत टाकतीन का, बाबू?"

"माईत नाई, दादा."

"टाकलं तं चादर घरूनच नेजो," तो म्हणाला. "तिथी थंडी लय हाये."