पाखरी आणि पांढरं कापड

भिवंडीत राहायचं आणि पांढऱ्या कापडाला भ्यायचं, म्हंजे खाडीत नाव घालून पाण्याला भ्यायचं. पण टांगेवाला हिरामण भ्यायचाच.

खाडीकाठच्या मैदानात घोड्यांच्या शर्यती होत्या तोवर सगळं बरं चाललं. कापडाचे लूम चालवणारा फखरुद्दीन पांढरं कापड खाली टाकायचा, घोडी सुटायची. टोकाला पत्र्याचा डबा बडवायचे, घोडी थांबायची, तोंडात गूळ पडायचा. हिरामणची घोडी पाखरी यात अशी तयार झाली की लगाम निस्ता नावाला. मग एका साली कुणाचं तरी घोडं गर्दीत घुसलं, माणसं मेली, शर्यती बंद. मैदानावर भराव पडला, गोदामं उठली. माणसं विसरली. पाखरी न्हाय विसरली.

तवापासून हिरामण तिला झापडं बांधायचा, लूमच्या गल्ल्या टाळून टांगा हाकायचा.

एक्याण्णव साली, रिक्षांच्या संपात, भरदुपारी फखरुद्दीन धापा टाकत आला.

"हिरामण, सुनेला कळा सुटल्यात. टांगा काढ!"

"निजामपुऱ्याच्या लूमगल्लीतून? फखरूभाय, पाखरीचं तुमाला म्हाईत हाय ना?"

"मीच शिकवलंय तिला. काढ!"

फखरुद्दीन हिरामणशेजारी बसला, सून जुबैदा मागं कण्हत होती. हिरामण माड्यांकडं बघत, जीव मुठीत धरून हाकत होता. गल्ली सरत आली आणि वरनं एका कामगारानं हातगाडीवर पांढऱ्या कापडाचा तागा फेकला. तो हवेतच उलगडला नि पाखरीच्या पुढ्यात पडला.

पाखरी सुटली. लगामानं हिरामणची बोटं सोलली. पुढं धामणकर नाका, ट्रकच ट्रक.

"अब्बा!" जुबैदा किंचाळली.

"डबा वाजव, डबा!" फखरुद्दीन ओरडला.

"डबा कुठनं आणू?"

म्हाताऱ्यानं चाबूक हिसकावला नि दांड्यानं चाकावरचा पत्रा बडवला. पाखरी गपकन थांबली. नाक्याच्या मधोमध. वर मान वळवून गूळ मागाय लागली. करकचून ब्रेक दाबलेला ट्रक हातभर अंतरावर उभा राहिला.

"अबे, मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला.

"न्हाय," हिरामण टांग्यातून उतरला, "गूळ हाय का?"

गुळाशिवाय पाखरी हलेना. शेवटी तिचा कान धरून, हातानं ओढत त्यानं टांगा दवाखान्यात नेला. जुबैदाला मुलगी झाली.

फखरुद्दीन पेढे घेऊन आला, तर तबेला रिकामा.

"पडघ्याकडच्या शेतकऱ्याला दिली," हिरामण म्हणाला.

"त्याला सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हटलं, धोतर धुतलंस तर घरातच वाळव."

फखरुद्दीन पोट धरून हसला. समोरच्या माडीवर कुणी पांढरी चादर झटकली, तशा हिरामणच्या मुठी आपसूक आवळल्या. लगाम हातात नव्हता, तरी.