फरशीतल्या कबरी

इथं आखातात, अल मनखूलच्या आमच्या घरात एसी गळून भिंत ओलावली आणि त्या वासानं वीस वर्षांपूर्वी अम्मीबरोबर पाहिलेलं, इंग्लंडच्या एका बाजारगावातलं जुनं चर्च आठवलं. तिथं फरशीतच कबरी होत्या आणि लोक खुशाल त्यांच्यावरून चालत होते. अम्मी मात्र प्रत्येकीला वळसा घालत होती. मला अजून त्या गावातला किल्ला उरकायचा होता.

"अम्मी, पाचशे वर्षं झाली त्यांना. खलास! यल्ला, चल."

"अगं, माणूस आहे खाली."

मी आमच्या सहलीच्या गाइडकडे बघून हसले आणि तिला दंडाला धरून सरळ शेवटच्या कबरीवरून ओढत नेलं. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

बसमध्ये तिनं विचारलं, "शेवटच्या कबरीवर नाव काय होतं गं? माफी मागायचीय."

मी वाचलंच नव्हतं.