वाया जाणारं पाणी

नॉर्वेच्या किनाऱ्याने आमचं जहाज चाललं होतं. दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि त्यांवरून थेट समुद्रात कोसळणारे धबधबे. डेकवरची सगळी माणसं बघता बघता गप्प झाली होती. बोलत होते फक्त आमचे हे. "वाया चाललंय गं सगळं!"

ह्यांची उभी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात गेली. कोळसा आणि राखेत जन्म काढलेल्या माणसाला धबधबा दिसत नाही, मेगावॅट दिसतात. मी फोटोसाठी हसून हसून गाल दुखवून घेतले, तर हे मोबाइल हातात धरून धबधब्याची उंची मोजत बसले. शेवटी मी चिडलेच. "अहो, रिटायर झालात ना? आता तरी ड्यूटीवरून उतरा!"

मग त्यांनी शेजारच्या गोऱ्या आजोबांना गाठलं आणि आपल्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे लाइट जाते का?"

आजोबांना काही कळेना. "जाते? कुठे?"

त्या दिवशी हे जेवलेसुद्धा कमी.

आठवड्याने गंगापूर रोडला घरी पोचलो. वॉचमन म्हणाला, "लिफ्ट बंद आहे, लाइट गेलीय." आमचं घर पाचव्या मजल्यावर.

ह्यांनी बॅग खाली ठेवली आणि थेट त्या आजोबांसारखा चेहरा करून विचारलं, "गेली? कुठे?"

वॉचमन बिचारा रस्त्याकडे बघायला लागला. मी माझीही बॅग ह्यांच्याच हातात दिली. एवढी ताकद वाया कशाला घालवायची?